१५६ रुपयांचा उन्हाळा

२०२१ साली महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतील पालकांना शाळेकडून एक निरोप गेला. मुलाच्या नावाने बँकेत खाते उघडा, उन्हाळी सुट्टीतील पोषण आहाराचे पैसे थेट खात्यात जमा होणार आहेत. पैसे किती? पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये. एका दिवसाचे नव्हेत, एका आठवड्याचे नव्हेत, सबंध उन्हाळ्याचे!

आमच्या वस्तीतील एक धुणीभांडी करणारी ताई तो निरोप मोबाईलवर घेऊन आमच्याकडे आली. तिने अगदी साधा हिशेब मांडला. बँकेत जायचे म्हणजे एका दिवसाचे काम बुडणार, फोटो काढायचे, आधारकार्डाची झेरॉक्स काढायची, बँकवाले सांगतील ती रक्कम भरून खाते उघडायचे, आणि मग त्या खात्यात १५६ रुपये येणार. "वकीलसाहेब, हे पैसे मी सोडून दिले तर चालेल का?" असे तिने विचारले. आम्ही काय उत्तर देणार? कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. ती हक्क सोडायला तयार होती, कारण हक्क मिळविण्याचा खर्च हक्कापेक्षा जास्त होता.

तो पैसाही नगराचा नव्हता. शाळेतील आहार शिजविण्यासाठी वरून येणारा खर्च शाळा बंद असल्यामुळे उरला होता, तो असा वाटला गेला. मुंबईसारख्या देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेने त्या दोन उन्हाळ्यांत आपल्या स्वतःच्या तिजोरीतून पालिका शाळांतील मुलांच्या बुडालेल्या शिक्षणासाठी काय बाजूला काढून ठेवले, हा आजच्या लेखाचा विषय आहे. महामारी गेली, जुने कशाला उकरून काढता, असे कोणी म्हणेल. पण पुढची महामारी येईल तेव्हा आजचीच अंदाजपत्रके आणि आजचेच कायदे लागू असणार आहेत, म्हणून हे जुने उकरून काढणे भाग आहे.

आधी तारखा पाहू. तारखा खोटे बोलत नाहीत. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले कोरोना रुग्ण सापडले. दुसऱ्या दिवशी १० मार्च, म्हणजे सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच पुण्यात प्लेगनेच त्यांचा बळी घेतला होता. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या. त्या ज्या कायद्याच्या आधारे बंद झाल्या तो साथरोग कायदासुद्धा १८९७ चाच, त्याच प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईघाईने केलेला. ४ मे २०२० ला दारूची दुकाने उघडायला परवानगी मिळाली. इतक्या रांगा लागल्या की मुंबईत महापालिकेला दोनच दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. ५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. आणि मुंबईत शाळा? आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. बारनंतर बरोबर एक वर्षाने, त्यात एक दिवस कमी! पहिली ते सातवीच्या लेकरांना १५ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ ला पुन्हा उघडल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बारही बंद झाले होते, हे आम्ही लपवीत नाही. पण कोणते दार आधी उघडायचे हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा राज्यकर्त्यांनी कोणते दार आधी उघडले, हे तारखा सांगतात.

हे वाचताना बाबासाहेबांची आठवण होणे साहजिक आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले होते. शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतात आणि दारूवरील अबकारी करातून सरकार लोकांकडून त्याहून कितीतरी अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या दर १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखवून दिले. त्यानंतर आठ दिवसांनी ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पाण्याची लढाई आणि अंदाजपत्रकाची लढाई त्यांनी एकाच महिन्यात लढली. आपण पहिली लक्षात ठेवली, दरवर्षी महाडला जातो. दुसरी मात्र पुस्तकात राहिली.

तर त्यांच्याच पद्धतीने आकडे शेजारी शेजारी ठेवू. मुंबई महापालिकेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक वेगळे असते, त्याला 'ई' अंदाजपत्रक म्हणतात. २०१९-२० साली ते २,७३३ कोटी ७७ लाखांचे होते. महामारी येण्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, २०२०-२१ साठी ते २,९४४ कोटी ५९ लाखांचे मांडण्यात आले. म्हणजे साधारण २११ कोटींची वाढ. मग महामारी आली, जवळजवळ वर्षभर शाळा बंद राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढील वर्षाचे 'ई' अंदाजपत्रक आले, २,९४५ कोटी ७८ लाखांचे. वाढ किती? १ कोटी १९ लाख. त्याच वेळी महापालिकेचे एकूण अंदाजपत्रक मात्र ३३,४४१ कोटींवरून ३९,०३८ कोटींवर गेले होते. एकूण वाढ साडेपाच हजार कोटींहून अधिक आणि त्यात शिक्षणाची वाढ सव्वा कोटीच्या आत. ज्या वर्षी पालिका शाळेतील मुलाचे सर्वांत जास्त नुकसान झाले, त्या वर्षी त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच वाढले नाही.

रुग्णालये महत्त्वाची नव्हती का, असे कोणी विचारील. होती. ऑक्सिजनसाठी आमच्याही माणसांनी रात्री रस्त्यावर काढल्या आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर काही आठवड्यांत शेकडो खाटांचे रुग्णालय उभे राहिले, ते उभे राहायलाच हवे होते. पण जी महापालिका मोकळ्या मैदानावर इतक्या थोड्या दिवसांत रुग्णालय उभारू शकते, तिला रुग्णसंख्या उतरलेल्या महिन्यांत त्याच शहरातील मैदानांवर, मंडपाखाली, वीस-वीस मुलांचे वर्ग भरवता आले नसते का? तिच्याकडे पैसा होता आणि माणसेही होती. नव्हते ते लेखाशीर्ष. ज्या खर्चाला शीर्ष नाही तो खर्च सरकारी कारभारात अस्तित्वातच नसतो.

पालिकेचे शिक्षक त्या काळात मोकळे बसले होते असे समजू नये. सर्वेक्षणे, धान्यवाटप अशी कामे त्यांच्या अंगावर होती. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावण्यास मनाई करते, पण त्यात तीन अपवाद आहेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. तेव्हा कायद्याने शिक्षक नेले यात बेकायदा काही नाही. मात्र शिक्षक आपत्तीला नेल्यावर मुलांचे काय, याविषयी तोच कायदा गप्प आहे.

कायद्याच्या या गप्प राहण्याबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण खरा घात तिथेच झाला आहे. १८९७ चा साथरोग कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमाने सरकारला वाटेल ते बंद करण्याचा अधिकार मिळतो. तिसऱ्या कलमाने न ऐकणाऱ्याला शिक्षा होते. चौथ्या कलमाने सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण मिळते. बंद केल्यामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देण्याचे कलम त्यात शोधूनही सापडत नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्या मानाने नवा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये किमान मदतीची मानके ठरवायला सांगितली आहेत. निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत, स्वच्छता, विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतूद, मृतांच्या वारसांना सानुग्रह मदत, उपजीविका पुन्हा उभी करण्यासाठी साहाय्य. यादी चांगली आहे, पण तिच्यात शिक्षण हा शब्द नाही.

एका शब्दाने काय फरक पडतो, असे वाटेल. कोर्टात रोज उभे राहणाऱ्याला विचारा! कोरोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना मदत देणे शक्य नाही, असे केंद्र सरकार सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात याच कलम १२ वर बोट ठेवले. कायद्यात सानुग्रह मदत लिहिलेली आहे, तेव्हा ती द्यावीच लागेल, असे ठरले आणि पुढे ५० हजार रुपये मंजूर झाले. कलमात शब्द होता म्हणून विधवेला काहीतरी मिळाले. मुलाच्या बुडालेल्या वर्षासाठी शब्दच नव्हता. न्यायालयाचे या प्रश्नाकडे लक्ष गेले नाही असे नाही. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ऑनलाइन शिक्षणातील दरीबद्दल चिंता व्यक्त केली आणि गरीब मुलांना साधने पुरवण्याची योजना आखा, असे केंद्र व दिल्ली सरकारला सांगितले. पण तोवर दीड वर्ष उलटून गेले होते आणि मूल चौथीतून सहावीत गेले होते.

इथे आणखी एक कायदेशीर गंमत आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ४ शाळाबाह्य मुलासाठी आहे. त्याला वयानुसार वर्गात बसवायचे आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. त्याची मुदत किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे. किती चांगली तरतूद! पण टाळेबंदीतील मूल कागदावर शाळाबाह्य नव्हते. त्याचे नाव हजेरीपटावर होते. त्याला परीक्षेशिवाय वर्गोन्नत केले होते. शाळेचे तोंड वर्ष-दीड वर्ष न पाहिलेले मूल कायद्याच्या दृष्टीने नियमित विद्यार्थी होते, म्हणून विशेष प्रशिक्षणावर त्याचा हक्क उरला नाही. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, असे लिहिले आहे. त्या दोन वर्षांत किती दिवस भरली? आणि न भरलेले दिवस कोणाच्या खाती लिहायचे? हा प्रश्न विधानसभेत कोणी लावून धरला असता तर आम्ही त्यांचे आभार मानले असते, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

ऑनलाइन शिक्षण चालू होते असे उत्तर मिळते. कोणाचे चालू होते? ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. नियमित ऑनलाइन शिकणारी मुले शहरात २४ टक्के आणि गावात ८ टक्के निघाली. आणि गावातल्या आकड्याच्या आत जातीचा आकडा होता. इतर मुलांत १५ टक्के, तर दलित-आदिवासी मुलांत ४ टक्के! अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतील १६ हजारांहून अधिक सरकारी शाळांतील मुले तपासली, तेव्हा ९२ टक्के मुलांनी आधी येत असलेले भाषेतील किमान एक कौशल्य गमावलेले आढळले. विषाणूला जात नसते असे तेव्हा टीव्हीवर सांगत होते. विषाणूला नसेल, मोबाईलला होती.

महाराष्ट्र सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, त्यात तीन चाचण्या ठेवल्या. पण तो पुन्हा मोबाईलवरच, कारण शाळा बंदच होत्या. मार्च २०२२ मध्ये शाळा उघडल्यानंतर फर्मान निघाले की एप्रिल अखेरपर्यंत पूर्ण वेळ शाळा भरवा, शनिवारीही भरवा, वाटल्यास रविवारीही. उन्हाळ्याचा उपयोग करून घ्यावा ही कल्पना योग्य होती. पण त्यासोबत पैसा आला का? जादा दिवसांचा मोबदला, पाण्याची सोय, पंखे, एखादे केळे, काहीतरी? शिक्षक संघटनांनी विरोध केला, पालकांनी गावी जायची तिकिटे आधीच काढलेली होती. पैशाविना निघालेल्या परिपत्रकाचे आयुष्य सूचना फलकावरच संपते.

आता जरा सातासमुद्रापलीकडे पाहू. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले, त्या न्यूयॉर्कची गोष्ट आहे. तिथे दर उन्हाळ्यात १४ ते २४ वयाच्या मुलामुलींना नगराच्या पैशातून काम आणि कामातून शिक्षण देण्याचा कार्यक्रम चालतो. २०१९ साली सुमारे ७५ हजार मुलांनी त्याचा लाभ घेतला, त्यात काळी आणि लॅटिनो मुले मोठ्या संख्येने. एप्रिल २०२० मध्ये महापौर बिल डी ब्लासिओ यांनी महामारीचे कारण देऊन तो उन्हाळी कार्यक्रम रद्द केला. म्हणजे पहिली कुऱ्हाड तिथेही गरिबाच्याच लेकरावर पडली. फरक पुढे आहे. ती मुले गप्प बसली नाहीत. त्यांनी नगर परिषदेच्या सदस्यांना फोन केले, सुनावण्यांत साक्षी दिल्या. मे अखेरीस जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, शहर रस्त्यावर आले आणि पोलिसांवर इतका खर्च आणि मुलांवर शून्य का, हा प्रश्न थेट अंदाजपत्रकाच्या टेबलावर गेला. जून संपता संपता मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात उन्हाळी कार्यक्रमांसाठी ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत आली. कामाच्या जागा आधीपेक्षा कमीच राहिल्या, हे खरे. पण शीर्ष परत आले.

पुढच्या वर्षी मार्च २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मदतीचा जो कायदा केला त्यात शाळांसाठी सुमारे १२२ अब्ज डॉलर होते. आणि त्या कायद्यात उन्हाळा हा शब्द लिहिलेला होता. राज्यांनी आपल्या वाट्यातील किमान १ टक्का उन्हाळी शिक्षणावर खर्च करायचा, स्थानिक शिक्षण मंडळांनी किमान २० टक्के बुडालेले शिक्षण भरून काढण्यावर. न्यूयॉर्कने त्याच उन्हाळ्यात आठवीपर्यंतच्या मुलांसाठी मोफत उन्हाळी शाळा उघडल्या. तो पैसा मुदतीचा होता, २०२४ च्या सप्टेंबरात मुदत संपली आणि तिथल्या शहरांना पुन्हा भांडावे लागले. अमेरिकेचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. तिथल्या काळ्या मुलाचे हाल आम्ही जाणतो. सांगायचे इतकेच की तिथल्या मुलाला भांडण्यासाठी अंदाजपत्रकात एक ओळ होती. ती ओळ खोडली तेव्हा सर्वांना दिसले. आमच्या मुलाची ओळ कधी लिहिलीच गेली नाही, मग खोडलेली दिसणार कुठून?

मे २०२२ मध्ये चेंबूर-गोवंडी पट्ट्यातील एका वस्तीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी बुद्ध विहारात सकाळचा वर्ग सुरू केला. आठ ते अकरा, ऊन चढायच्या आत. ४० मुले आली. सहावी संपवलेली एक मुलगी होती, चुणचुणीत. पहिल्या दिवशी वंदना झाली तेव्हा त्रिशरण पंचशील तिने सर्वांत मोठ्या आवाजात, एकही चूक न करता म्हटले. विहाराच्या भिंतीवर तेच पंचशील मोठ्या अक्षरात रंगवलेले आहे. आम्ही सहज म्हणालो, बेटा, आता बोट ठेवून वाचून दाखव. ती पुन्हा घडाघडा म्हणू लागली, पण बोट दुसऱ्याच ओळीवर होते. थांबवून मधलाच एक शब्द विचारला तर ती गप्प. जोडाक्षर फोडता येईना. शेजारची मुले हसली, ती रडवेली झाली. "सर, मला पाठ आहे," एवढेच म्हणाली. मार्च २०२० मध्ये ती चौथीत होती. मध्ये दोनदा पास झाली होती.

आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले, ऐकून लक्षात ठेवण्याइतकेच ज्याच्या नशिबी ठेवले, त्याची मुलगी विहाराच्या भिंतीसमोर पुन्हा तिथेच उभी होती! कोणी वाईट हेतूने हे केले असे नाही. केवळ तिच्यासाठी कोणी हिशेबात जागा ठेवली नव्हती.

त्या वर्गाचा हिशेब आमच्या वहीत आहे. दीड महिन्याचे दोन डी.एड. झालेल्या बेकार तरुणांचे मानधन १८ हजार. पाट्या, वह्या, वाचनपुस्तके ३,६००. रोज एक चिक्की किंवा केळे, ३६ दिवसांचे ८,६४०. विहाराचे वीजबिल १,१६०. एकूण ३१,४०० रुपये, म्हणजे मुलामागे ७८५. ही रक्कम जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात आणखी भर घालून उभी केली. उरले, कारण त्या वर्षी मंडळातील पोरांनी मोठ्या डीजेचा आग्रह सोडला. (सर्व वस्त्यांत तो सुटला असता तर आणखी किती वर्ग निघाले असते, हा हिशेब आपला आपण करावा. आम्ही इथे मांडत नाही, भांडण होते.) ती मुलगी जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा जोडाक्षरे अडखळत का होईना वाचत होती.

पालिका शाळांत तीन लाखांच्या आसपास मुले धरली आणि प्रत्येकाला आमच्याच दराने ७८५ रुपये धरले, तर साडेतेवीस कोटी होतात. २,९४५ कोटींच्या 'ई' अंदाजपत्रकाचा एक टक्काही नाही. सरकारी दर दुप्पट लावला तरी दोन टक्क्यांच्या आत. मे महिन्यात सगळी मुले येणारही नाहीत, कितीतरी कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात आपल्या गावी जातात. जी मागे राहतात ती कोण असतात? कंत्राटी सफाई कामगाराची, नाक्यावर उभे राहणाऱ्या मजुराची, घरकाम करणाऱ्या बाईची. गावी जायला ज्यांच्याकडे भाडे नाही किंवा गावात ज्यांचे काही उरले नाही. वर्ग नेमका त्यांनाच हवा आहे. विदर्भात मे महिन्यात वर्ग भरवा असे आम्ही म्हणणार नाही, तिथल्या उन्हात लेकरे बाहेर काढणे हा गुन्हा होईल. तिथे दिवाळीची सुट्टी घ्या. शिक्षकांच्या सुट्टीवर घाला घाला असेही म्हणत नाही, तेही आपलेच लोक आहेत. त्यांना बदली रजा द्या, नाहीतर डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेल्या आपल्या हजारो मुलामुलींना मानधनावर घ्या.

कायद्याने महापालिका हे करू शकत नाही का? मुंबई महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ६१ मध्ये तिची अनिवार्य कर्तव्ये दिली आहेत, त्यात प्राथमिक शाळा चालवणे आहे. कलम ६३ मध्ये स्वेच्छेने करायची कामे आहेत. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्यही नगरपालिकांच्या यादीत आहे आणि शैक्षणिक कार्यही आहे, दोन्ही एकाच यादीत. एक काम करताना दुसरे बुडाले तर ते भरून काढणे स्वेच्छेचे काम ठरत नाही, असे आमचे मत आहे आणि ते आम्ही कोर्टात मांडायला तयार आहोत.

हेच विचारण्यासाठी आम्ही एका विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला होता. महामारीच्या दोन वर्षांत उन्हाळी सुट्टीतील शैक्षणिक वर्गांसाठी किती तरतूद केली, किती खर्च झाला, एवढे दोनच प्रश्न. तिसाव्या दिवशी उत्तर आले. दोन्ही प्रश्नांपुढे एकच शब्द: निरंक. आम्ही प्रथम अपील केले. सुनावणीत समोरचे साहेब सभ्य होते, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, असे लेखाशीर्षच नाही. मग माहिती कुठून देऊ?" आम्ही म्हणालो, साहेब, हीच माहिती आम्हाला हवी होती, फक्त लेखी द्या. ती त्यांनी दिली नाही.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली आणि चळवळीत तिची हवी तशी चर्चा झाली नाही. ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ ही तिन्ही अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. न्यूयॉर्कच्या मुलांना फोन करायला सदस्य तरी होते. ज्या वर्षांत महामारीची भरपाई अंदाजपत्रकात लिहून घ्यायची होती, त्याच वर्षांत आमच्या वस्तीला बोलायला नगरसेवकच नव्हता.

मुंबईचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत येते, त्याची जुळवाजुळव त्याआधी तीन महिने सुरू होते. 'ई' अंदाजपत्रकात 'सुट्टीतील अध्ययन व आहार' या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि साथीमुळे शाळा ठरलेल्या दिवसांपेक्षा कमी भरली तर त्या शीर्षात आपोआप वाढ व्हावी, असे निवेदन आम्ही तयार केले आहे. त्याला आमच्या ३१,४०० रुपयांचा हिशेब जोडला आहे, पण एका वर्गाच्या हिशेबाने काही होणार नाही. महामारीच्या काळात किंवा त्यानंतर ज्या ज्या विहारांत, समाजमंदिरांत, महिला मंडळांत असे वर्ग चालले, त्यांनी मुलांची संख्या, दिवस आणि खर्च एका कागदावर लिहून, मंडळाचा शिक्का मारून, दिवाळीपूर्वी या दैनिकाच्या कार्यालयात आमच्या नावाने पोचवावा. पावत्या असतील तर त्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात, नसतील तर वहीचे पान चालेल. जयभीम.